टिंग कुठे गेली?

ज्या रविवारी टिंग वाजली नाही, त्या रविवारी मापसाहेबांनी प्रथम तबकडीकडे, मग सुईकडे आणि शेवटी दोन्ही स्पीकरांकडे संशयाने पाहिले. स्वतःच्या कानांकडे पाहण्याची सोय निसर्गानेच ठेवलेली नसल्यामुळे चौकशीचा तेवढा भाग राहून गेला. आणि पुढचे सगळे रामायण त्या राहून गेलेल्या भागातून घडले.

टिंग म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे. मापसाहेबांपाशी एका मोठ्या वाद्यमेळाची जुनी तबकडी होती. तिच्या दुसऱ्या बाजूच्या अखेरीस सगळी व्हायोलिने एकमेकांच्या अंगावर धावून जातात, नगारे गडगडतात, पितळी कर्णे भांडण सोडवायला म्हणून मधे पडतात आणि ते वाढवून ठेवतात. आणि मग अकस्मात सगळे गप्प होतात. त्या शांततेत कोणी एक वादक, ज्याला बहुधा तेवढ्याच कामापुरते बोलावलेले असावे, तिकोनी वाकवलेल्या पोलादी सळईवर एकदाच हलकासा टोला देतो. टिंग. संपले. मापसाहेबांच्या मते त्या संगीताचा सारा डोलारा या एका टोल्यावर तोललेला होता, आणि त्यांच्या स्पीकरांची अब्रूदेखील. घरी येईल त्याला ते खुर्चीत बसवीत, शेवट जवळ आला की डोळे मिटून "आता!" म्हणत, आणि टिंग झाली की पाहुण्याकडे अशा नजरेने पाहत, की ती जणू त्यांनीच मूठभर पोलादातून घडवली आहे.

त्या रविवारी खुर्चीत खालच्या मजल्यावरचे कॅशियर बसले होते. हे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. नोटेच्या नुसत्या सळसळीवरून ती खरी की खोटी हे आपण सांगत असू, असे ते स्वतःच सांगत. मापसाहेबांनी डोळे मिटले, "आता!" म्हटले, आणि सुई तबकडीच्या मध्याशी जाऊन खरखरू लागली.

"वा!" कॅशियर म्हणाले.

"वा कशाला?" मापसाहेबांनी डोळे उघडले.

"टिंगला."

"कुठे वाजली टिंग?"

"अहो, कानात! आणखी कुठे वाजायची?"

मापसाहेबांनी त्यांच्याकडे बारकाईने पाहिले. कॅशियर एक डोळा आवळून कळवळल्यासारखे दिसत होते, पण त्याचा अर्थ त्यांनी वेगळा लावला. माणूस तोंडदेखले बोलतो आहे, चहाची वाट पाहतो आहे, आणि न वाजलेल्या टिंगला वाहवा देतो आहे, अशी त्यांनी मनात नोंद केली.

मापसाहेब हे त्यांचे नाव नव्हे. इमारतीने बहाल केलेली पदवी होती. वजनमाप खात्यात निरीक्षक म्हणून त्यांची हयात गेली होती. पितळी वजनांची मखमली पेटी बगलेत मारून ते बाजारात शिरले, की तराजूंचे काटे भीतीनेच सरळ होत, अशी एक आख्यायिका होती. ती त्यांनीच पसरवली, असे म्हणणारे कुत्सित लोकही होते. निवृत्तीनंतर बाजार सुटला, वृत्ती सुटली नाही. दुधाच्या पिशवीपासून शेजाऱ्याच्या विधानापर्यंत सर्व काही पुरेपूर भरते की नाही, हे ते पाहत. त्यांच्या पत्नीला सारी इमारत वहिनी म्हणे, म्हणून आपणही वहिनीच म्हणू.

आणि स्पीकर? ते लेकीच्या आधी घरात आले होते. कमरेइतके उंच, लाकडी, जमिनीवर उभे राहणारे, तोंडावर तपकिरी कापडाचा बुरखा घेतलेले. वहिनींच्या व्याख्येप्रमाणे, ज्यांत काहीही ठेवता येत नाही अशी दोन कपाटे. लेक त्यांना धरून उभी राहायला शिकली, मग त्यांच्या डोक्यावरून पाहू लागली, मग सासरी गेली. स्पीकर आपल्या जागी राहिले. जागी म्हणजे अक्षरशः जागी. भिंतीपासूनचे अंतर पोलादी पट्टीने मोजून मापसाहेबांनी त्यांच्या पायांभोवती फरशीवर चिकटपट्टीची हद्द आखली होती आणि ती ओलांडण्याचा अधिकार भूकंपाखेरीज कोणालाही दिलेला नव्हता. स्पीकरांमागे फक्त वहिनींचा धूळ पुसणारा हात जाई, आणि तोही कोपरापर्यंत.

जुने स्पीकर बाळगणाऱ्यांची एक स्वतंत्र जमात असते. बाहेरचे लोक स्पीकरातून गाणे ऐकतात; हे लोक गाण्यातून स्पीकर ऐकतात. त्यांचे सिद्धान्तही खास असतात. मापसाहेबांचा सिद्धान्त असा, की लाकूड मुरत जाते तसतसा आवाज खुलत जातो. नवा स्पीकर म्हणजे नवा जावई: सुरुवातीला अवघडलेला, पण वर्षे गेली की मोकळा होतो. आपले स्पीकर दर वर्षी अधिकाधिक खुलत गेल्याचा त्यांचा स्वतःचा अनुभव होता. मधे एकदा आतल्या पडद्यांच्या स्पंजाच्या कडा सुकल्या पानासारख्या झडल्या, त्या त्यांनी बदलून घेतल्या. पण लाकडाने आपले खुलणे थांबवले नाही, असे ते छातीठोकपणे सांगत. सिद्धान्ताला असा अनुभवाचा टेकू मिळाला, की माणूस वाद घालायला मोकळा होतो. ते तर आधीपासूनच मोकळे होते.

"राहू दे हो," चहाचा कप पुढे ठेवत वहिनी म्हणाल्या. "एखाद दिवस नसेल वाजली."

"टिंग म्हणजे काय नळाचं पाणी आहे, एखाद दिवस न यायला? ती तबकडीवर कोरलेली आहे!"

"मग आहे ना तिथेच. कुठे जाते?"

"तोच प्रश्न आहे! कुठे जाते?"

वहिनी काही न बोलता आत गेल्या. एरवी त्या अशा प्रसंगी निदान एक टोमणा तरी मागे ठेवून जात. मापसाहेबांच्या हे ध्यानात यायला हवे होते. पण ज्याचे सारे लक्ष टिंगेकडे, त्याला न मारलेला टोमणा कसा ऐकू यावा?

लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत असे. फोनवरून तिला वृत्तान्त कळला आणि तिने क्षणाचाही विलंब न लावता न्यायनिवाडा केला.

"बाबा, दोनच गोष्टी असू शकतात. स्पीकर म्हातारे झाले असतील, नाहीतर तुमचे कान. स्पीकर असतील तर ते जाऊ देत, मी छोटे नवे आणते. खोलीत माणसांना बसायला तरी जागा होईल. कान असतील तर दाखवू आणि यंत्र लावू. पण एक काहीतरी ठरवा. आईला किती वर्षं 'काय म्हणालीस, काय म्हणालीस' करत राहणार?"

"काय म्हणालीस?" मापसाहेब म्हणाले.

अशा रीतीने कात्री उघडली. एका पात्यावर स्पीकर, दुसऱ्यावर कान. स्पीकर गेले तर खोली जिंकली जाणार होती आणि मापसाहेबांचे रविवार हरणार होते. कान गेले तर आयुष्यभर दुसऱ्यांची मापे खोटी ठरवणाऱ्या माणसाचे स्वतःचेच माप खोटे ठरणार होते. यातून मार्ग एकच: स्पीकर बिघडलेले निघावेत, पण दुरुस्त होण्याइतकेच. आपल्या लाडक्या वस्तूत मध्यम आकाराचा दोष सापडावा, अशी प्रार्थना करीत मनुष्य तपासाला लागल्याचे हे बहुधा पहिलेच उदाहरण असेल.

बातमी इमारतीत या कानाची त्या कानाला झाली आणि सल्ले येऊ लागले. वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्य बाईंनी सुई बारीक ब्रशने घासायला सांगितली, आणि ती वरून खाली घासायची, आडवी नाही, हेही बजावले. कॅशियरांनी स्पीकरांना ऊन दाखवायला सांगितले. समोरच्या शिवणकामवाल्या मावशींनी तोंडावरचे कापडच बदलायचे सुचवले. तपकिरी रंगातून आवाज नीट येत नाही, आपल्याकडे छान पोपटी कापड उरले आहे, असे त्या म्हणाल्या. मापसाहेबांनी प्रत्येकाशी प्रत्येक मुद्द्यावर वाद घातला आणि मग सुई घासली. टिंग आली नाही.

तेव्हा दुरुस्तीवाल्याला पाचारण झाले. हा गृहस्थ दारातून आत येण्याआधी निदान करीत असे. बुरखे काढून, पडद्यांवर टिचक्या मारून, एका छोट्या बॅटरीची टोके लावून त्याने त्यांच्यातून खुसखुस आवाज काढले आणि मान हलवली.

"एक नंबर आहेत साहेब. काही झालेलं नाही."

"काही म्हणजे काहीच नाही?" मापसाहेबांच्या आवाजात निराशा होती.

"काहीच नाही. सगळं बदलून टाकू."

"काही झालेलं नाही तर बदलायचं कशाला?"

"बिघडल्यावर तर काय, कोणीही बदलतं! चांगलं आहे तोवर बदललं की बिघडायची भानगडच नाही."

हा युक्तिवाद मापसाहेबांना टिंगेपेक्षाही लागला. अखेर ते म्हणाले, "वरच्या सुरांत दोष आहे. बारकाईनं बघा."

"मग दुकानात आणा. टेबलावर उघडून, मागून पुढून बघतो. इथं तुम्ही हलवू देत नाही, ती चिकटपट्टी काय, हद्द काय. मला तर वाटलं इथं काही गुन्हा घडलाय."

स्पीकर दुकानात न्यायचे, तर हद्द मोडणे आले. मापसाहेबांनी काळजावर दगड ठेवून त्याला होकार दिला. पण हद्द मोडायला ते तयार झाले, म्हणून इमारत तयार होती असे नाही. सोसायटीच्या नियमाप्रमाणे फर्निचर फक्त रविवारी सकाळी आणि फक्त जिन्याने न्यायचे; विजेची उपकरणे लिफ्टने, पण कामाच्या दिवशी. सेक्रेटरी हे एका विमा कचेरीत अर्धी हयात घालवलेले सावध गृहस्थ. कोणत्याही प्रश्नाकडे ते आधी तो पेटला तर काय होईल या दृष्टीने पाहत.

"लाकूड आहे," स्पीकरांकडे बघत सेक्रेटरी म्हणाले. "म्हणजे फर्निचर."

"तार आहे," मापसाहेब म्हणाले. "म्हणजे उपकरण."

"तार तर टेबललॅम्पलाही असते."

"मग टेबललॅम्प काय फर्निचर आहे?"

"टेबलावर असेल तर."

"स्पीकर जमिनीवर आहेत!"

"म्हणूनच म्हणतो, कपाटासारखे आहेत. मागच्या वर्षी कपाटानं लिफ्टचा आरसा फुटला. नाही, मला तुमचं पटतंय साहेब. पण नियमाला पटलं पाहिजे. असं करा ना, लाकूड जिन्यानं न्या आणि तार लिफ्टनं."

मापसाहेबांनी नियमाच्या भाषेवर जे भाष्य तेथे उभ्या उभ्या केले, ते ऐकायला जिन्यात गर्दी जमली. फर्निचर या शब्दाचे सार काय, उपकरणाचे लक्षण काय, ज्यातून ध्वनी निघतो ते फर्निचर म्हणावे तर सेक्रेटरींच्या दाराचे काय, इथपर्यंत ते पोहोचले. सेक्रेटरींनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विषय पुढच्या बैठकीपुढे ठेवला. मागची बैठक केव्हा झाली होती, हे कोणालाच आठवत नव्हते.

वहिनींनी मात्र सुटकेचा निःश्वास सोडला. "बरं झालं. उगाच ओढाओढ. जड वस्तू, कंबर धरली असती कोणाची तरी. आणि मी म्हणते, एका टिंगेवाचून काय अडलंय? बाकी सगळं वाजतंय ना?"

"बाकी सगळं वाजतं, म्हणून तर टिंग महत्त्वाची! किलोच्या वजनात गुंज कमी असली तर तू म्हणशील का, बाकी सगळं आहे ना?"

"मी म्हणेन," वहिनी म्हणाल्या, "आणि भाजी चिरायला घेईन."

वाट बंद झाली, तेव्हा मापसाहेबांच्या डोक्यात खरा निरीक्षक जागा झाला. यंत्र हलवता येत नसेल तर साक्षीदार हलवावेत. कोणतेही माप स्वतःचा साक्षीदार होऊ शकत नाही, त्याला दुसरे प्रमाण लागते. तसे इथे प्रमाण कान हवे होते. रविवारी दुपारी एकेकाला खुर्चीत बसवायचे, तबकडीचा शेवट वाजवायचा, आणि टिंग ऐकू आली तर त्याने हात वर करायचा. मापसाहेब पाठीमागे उभे राहणार. टिंग केव्हा येणार हे सांगणार नाहीत, खोकणारदेखील नाहीत. लेकही मुद्दाम आली, कारण निकालावर तिचे छोटे स्पीकर अवलंबून होते.

प्रथम कॅशियर बसले. व्हायोलिने धावली, कर्णे भांडले, शांतता झाली. मापसाहेबांच्या कानी काहीच आले नाही. कॅशियरांचा हात मात्र वर गेला आणि वाटेत गालाला घासून गेला.

"ऐकू आली?"

"ऐकू आली? अहो, दातात गेली! मागच्या वेळी मी बोललो नाही, म्हटलं यजमानांचा मान आहे. तुमची ती व्हायोलिनंसुद्धा सुऱ्यांना धार लावल्यासारखी वाजतात हो."

मापसाहेबांनी त्यांना बाजूला बसवले आणि दंतवैद्य बाईंना बोलावले. बाईंचाही हात वर गेला. "माझ्या ड्रिलला पेशंट जसे बघतात ना, तशी मी आत्ता तुमच्या स्पीकरकडे बघत होते," त्या म्हणाल्या. "कोणाला सांगू नका, पण आता मला पेशंटची कीव येते."

शिवणकामवाल्या मावशी टिंगेपूर्वीच उठल्या. "कानामागून आली आणि तिखट झाली, त्यातली गत आहे ही," असे म्हणून त्या पदराने कान झाकून उभ्या राहिल्या. मापसाहेबांनी त्यांना समजावून पुन्हा बसवले, आणि या वेळी फसवणूक पकडण्यासाठी, जिच्यात टिंग मुळातच नाही अशी दुसरी तबकडी लावली. मावशींनी हात वर केला नाही. पुन्हा पहिली लावली, केला. हे जरा अडचणीचे होते. तोंडदेखलेपणाचा आरोप त्यांच्या हातून निसटत चालला होता.

अखेर लेक बसली. टिंगेच्या क्षणी तिने हात वर केला नाही, दोन्ही हात कानांवर ठेवले. "आई गं!"

"पुरे," मापसाहेब म्हणाले, आणि सुई उचलून खोलीच्या मध्यभागी उभे राहिले. न्यायासनावर बसायला खुर्ची मोकळी नव्हती, म्हणून त्यांनी उभ्यानेच निकाल सांगायला सुरुवात केली.

"तुम्ही सगळ्यांनी सचोटीनं साक्ष दिलीत, यात शंका नाही. पण साक्ष सचोटीची असून चुकीची असू शकते. हल्लीच्या कानांना सगळंच तिखट लागतं, त्याला कारणं आहेत. कॅशियर, तुमचे कान नोटा मोजून मोजून खरखरीला हळवे झालेत. डॉक्टरबाई, तुम्ही दिवसभर ड्रिलजवळ असता. मावशी, तुमचं शिलाई मशीन. आणि ही माझी मुलगी, हिला स्पीकरच नको आहेत. प्रत्येकाचं माप वेगळ्या कारणानं बिघडलेलं आहे. फक्त योगायोग असा, की सगळ्यांची मापं एकाच बाजूला..."

वाक्य तिथे अडकले.

खोलीतल्या कोणालाही वाटले असते, की त्यांना शब्द सापडत नाही. शब्दाचा प्रश्न नव्हता. नव्या निरीक्षकांना शिकवताना हेच वाक्य त्यांनी स्वतः टेबलावर हात आपटून इतक्या वेळा उच्चारले होते, की त्याचा उत्तरार्ध आता न बोलावता येऊन उभा राहिला: बाजारातली सगळी वजनं एकाच बाजूला चुकलेली सापडली, तर दुकानदाराला पकडू नका, आपली पेटी उघडा. पितळसुद्धा झिजतं. रोज हाताळलं, रोज पुसलं, की तेच आधी झिजतं.

मापसाहेब हळूच शिवणकामवाल्या मावशींच्या शेजारी सोफ्याच्या हातावर टेकले. वर्षानुवर्षे ज्यांनी इतरांच्या दुकानातली वजने जप्त केली, त्यांच्यावर स्वतःची जप्ती यावी आणि ती स्वतःच लिहावी लागावी, हा प्रसंग बाका होता.

"वजन झिजलंय," ते म्हणाले.

"कोणाचं?" मावशींनी विचारले.

"आमचं."

लेकीला लगेच कळले. जिंकल्याचा आनंद होईल असे तिला वाटले होते, झाला नाही. ती उठून त्यांच्याजवळ आली. "बाबा, अहो, वय झालं की वरचे सूर जातातच. सगळ्यांचे जातात. त्यात काय एवढं?"

"हं," मापसाहेब म्हणाले. आणि पुढच्याच क्षणी त्यांच्या कपाळाला पुन्हा आठी पडली. "थांब. हिशेब जुळत नाही."

"आता काय?"

"माझे कान झिजले, म्हणून मला टिंग कमी ऐकू येते. मान्य. पण तुम्हाला ती जास्त का येते? तू तुझ्या घरी गाणी ऐकतेस, तेव्हा कानांवर हात ठेवतेस?"

"नाही."

"कॅशियर, बँकेत?"

"बँकेत गाणी कुठे हो!"

"सांगायचा मुद्दा, कानाची चूक माझी एकट्याची. मग तुम्हा सगळ्यांना जे टोचतंय, ती चूक माझ्या कानात नाही. म्हणजे चुका दोन आहेत! एक इकडे," त्यांनी कानाला हात लावला, "आणि एक तिकडे." त्यांच्या आवाजात अकस्मात उत्साह आला. दुःखी माणसाला कुतूहलाइतके लवकर लागू पडणारे औषध दुसरे नाही.

"मी चहा टाकते," वहिनी दारातून म्हणाल्या.

पण मापसाहेब आधीच गुडघ्यांवर आले होते. स्पीकर हलवायचा नाही, म्हणून भिंतीला गाल टेकवून त्यांनी हात मागे सरकवला: तारेच्या खुंट्या, लाकडाची कड, आणि खुंट्यांच्या शेजारी नाण्याएवढी गोल कळ. या जुन्या स्पीकरांना मागे अशी एक कळ असते. बारीक, उंच सूर किती ठेवायचे ते तिने ठरते. स्पीकर आणले त्या दिवशी मापसाहेबांनी ती बरोबर मधल्या खाचेत बसवली होती आणि जाहीर केले होते, की शिक्का मारलेल्या मापाला पुन्हा हात लावायचा नसतो. स्वतः त्यांनी तो आजतागायत लावला नव्हता.

कळ मधल्या खाचेत नव्हती. ती उजवीकडे अगदी टोकाला होती. त्यांनी आणखी फिरवून पाहिली. पुढे जागाच नव्हती. दुसऱ्या स्पीकरामागे हात घातला. तिथेही तेच.

ते उठले, गुडघे झाडले, आणि बाजारात वापरायचा आवाज त्यांनी कित्येक वर्षांनी बाहेर काढला. "मापाला कोणी हात लावलाय?"

कॅशियर आपोआप म्हणाले, "मी नाही."

"मी लावला," वहिनी म्हणाल्या.

त्यांच्या बोलण्यात ना पश्चात्ताप होता ना आव्हान. स्वयंपाकघरातला दिवा कोणी लावला, असे विचारल्यावर बोलावे तशा त्या बोलल्या. "एकदा तुम्ही म्हणालात, आवाज मलूल वाटतोय. मग दिवसभर तोंड वाकडं, माझ्यावर चिडचिड, पेपरवाल्याशी भांडण. मी धूळ पुसत होते, हाताला ती कळ लागली, जराशी फिरवली. संध्याकाळी तुम्ही म्हणता कसे, 'बघ, काय खुललाय आवाज! लाकूड मुरतंय!' म्हटलं, सापडलं औषध."

"म्हणजे... लाकूड..."

"लाकूड कुठलं! मीच ती. तुम्ही कुरकुरायला लागलात, की मी आपली थोडीशी फिरवायची. इतकी वर्षं घरात शांतता होती. आता मात्र फिरेना झालीय मेली. काय करू?"

एक संपूर्ण सिद्धान्त, त्याच्या उदाहरणांसह, नव्या जावयाच्या उपमेसह, खोलीच्या मध्यभागी आडवा पडला होता, आणि त्याच्याकडे थेट पाहण्याचा धीर कोणाला होत नव्हता. मग दंतवैद्य बाईंना हसू आवरेना आणि त्या पेशंट वाट पाहत असल्याचे सांगून उठल्या. रविवारी त्यांचा दवाखाना बंद असे. त्यांच्यापाठोपाठ कॅशियर आणि मावशीही निघाले, मावशी जाता जाता म्हणाल्या, "पोपटी कापडाचं विचारा बरं का यांना."

"शिक्का असलेल्या मापात फेरफार," दार लागल्यावर मापसाहेब म्हणाले. "खात्यात याला शिक्षा आहे."

"करा गुन्हा दाखल. आणि तुमची कुरकुर कुठल्या मापात बसते, तेही त्यात लिहा."

"आणि तुझे कान? सगळ्यांना टोचतं, मग तू कशी राहिलीस या घरात?"

वहिनींनी मान तिरकी केली आणि कानातून कापसाचा बोळा काढून दाखवला. मग दुसरा.

मापसाहेबांनी बोळे हातात घेऊन पाहिले. "म्हणजे तबकडी चालू असताना मी हाका मारतो, आणि तू ओ देत नाहीस..."

"त्या गोंगाटात ऐकूच येत नाही. तुम्हाला वाटतं मी दुर्लक्ष करते." वहिनींनी बोळे परत घेतले. "तसं तेही करते म्हणा अधूनमधून."

लेक हसता हसता खुर्चीत कोसळली. मापसाहेबांनी हसायचे नाही असे ठरवले होते. पण ठरवणे आणि तोंड यांच्यात त्या दिवशी तसाही फारसा मेळ उरलेला नव्हता.

"मग बाबा? स्पीकर निर्दोष?"

"पूर्ण निर्दोष. सन्मानानं मुक्त."

"आणि कानाचे डॉक्टर?"

मापसाहेबांनी थोडा वेळ फरशीवरच्या हद्दीकडे पाहिले. "जाऊ," ते म्हणाले. "पण त्यांचं यंत्र शेवटचं कधी तपासून घेतलं होतं, ते मी विचारणार."

मग ते पुन्हा भिंतीला गाल लावून बसले आणि दोन्ही कळा एकेक करून मधल्या खाचेत आणल्या. तबकडी लावली. पहिल्याच सुरांना लेकीचे खांदे सैल झाले. व्हायोलिने आता व्हायोलिनांसारखी वाजत होती. मापसाहेबांना मात्र सगळे लोकरीखालून आल्यासारखे वाटले. वहिनी नेहमीप्रमाणे आत जायच्या, त्या गेल्या नाहीत. खोलीत बसून ती तबकडी त्यांनी कापसावाचून पहिल्यांदाच ऐकली. कर्ण्यांचे भांडण झाले, शांतता आली, आणि मापसाहेबांनी वहिनींच्या चेहऱ्याकडे पाहिले. दुसरा काही इलाज नव्हता.

"वाजली?"

"वाजली."

"कशी?"

वहिनींनी विचार केला. "धुतलेला चमचा दुसऱ्या चमच्यावर ठेवताना निसटतो ना, तशी. पण शेजारच्या घरात."

"शेजारच्या म्हणजे किती लांब?"

"मोजू नका हो सगळं. आणि त्याच्या आधी खुर्ची कोणाची वाजली?"

"कसली खुर्ची?"

"टिंगच्या जरा आधी. कुर्रर्र झालं की!"

"अशक्य," मापसाहेब म्हणाले. "ही तबकडी मी लग्नाआधीपासून ऐकतोय. तिच्यात खुर्ची नाही."

"लावा पुन्हा."

पुन्हा लावली. मापसाहेब पुढे वाकून बसले. इतकी वर्षे त्या शांततेत ते फक्त टिंगेची वाट पाहत आले होते. आता तिची आशाच नसल्यामुळे त्यांना प्रथमच ती शांतता ऐकायला सवड मिळाली. आणि तिच्यात, खाली, जाड, अगदी स्पष्ट, एक खुर्ची कुरकुरली. दूरच्या कुठल्याशा सभागृहात एक माणूस आपल्या एका टोल्यासाठी उठून उभा राहत होता.

"उठला!" मापसाहेब ओरडले.

"श्श." वहिनींनी हात वर केला. "वाजवली."

दोघेही श्वास रोखून थांबले. सुई मध्याशी जाऊन खरखरू लागली.

"बसला," मापसाहेब म्हणाले.

"नाही बसला. उभाच आहे अजून."

"अगं, बसल्याचं मी ऐकलं!"

"तुम्ही? आत्ताच ना म्हणालात, वजन झिजलंय?"

"ते वरच्या सुरांचं! बसणं हा खालचा सूर आहे!"

लेकीने पर्स उचलली, दोघांना येते म्हणून सांगितले, आणि कोणी ओ दिली नाही म्हणून स्वतःच दार ओढून घेतले. आत तबकडी तिसऱ्यांदा लागली होती.